अकोल्याचा कोरा रकाना

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. अकोले तालुक्याच्या तक्त्यात मी एक आकडा भरला. तो भरायला नको होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नगरला सरकारी सांख्यिकी ऑफिसात इन्व्हेस्टिगेटर होतो. काम ऐकायला सोपं: एकाच कामाला सरकार किती देतं आणि खासगी मालक किती, हे भागवार मांडायचं. नागापूरच्या कारखान्यांत फिटर, ड्रायव्हर सगळे सापडले. बेलापूरलाही जमलं. अकोल्याच्या डोंगरात सरकारी पंप ऑपरेटर सापडला, सखाराम. त्याच्याशी ताडून बघायला खासगी माणूसच नाही.

सखारामने घरी जेवायला नेलं. भातावर आमटी ओतत म्हणाला, "पगार बरा हाय सायब. पन मीठ-तेल जीपनं वर येतं, भाड्यासकट. डोंगरी भत्ता हाय म्हून पोरगी राजूरला शाळंत ठिवली."

डोंगरी भत्ता म्हणजे अडचणीच्या भागात राहण्याचे जादा पैसे.

नगरला साहेबांनी तक्ता पाहिला. "खासगीचा रकाना कोरा?"

"तिथे खासगी नोकरीच नाही, सर."

"वरचे विचारतील, हा अकोल्याला गेला होता की सासुरवाडीला? बघ, कोणीतरी असेलच."

होता एक. ज्या जीपने मी वर गेलो तिचा ड्रायव्हर. पगार विचारल्यावर तो हसला होता. "पगार कसला? मालकाकडं जेवतो, तितंच झोपतो. हातखर्चाला म्हैन्याला तीस रुपये."

जेवणाची किंमत किती धरायची? झोपण्याची? आणि जीपवाल्याची तुलना पंपवाल्याशी करायची तरी कशी? साहेब घड्याळ बघत होते. मी तीस लिहिले.

तक्त्यात सखाराम एकदम श्रीमंत दिसायला लागला.

पुढे त्या भागाचा भत्ता बंद झाला. माझ्या तीसमुळे, की वरच्यांनी आधीच ठरवलं होतं? साहेबांना विचारलं. "तुला काय करायचंय?" म्हणाले. मला अजूनही कळलेलं नाही.

नंतर अकोले स्टँडवर सखाराम भेटला. डोक्यावर ट्रंक, मागे पोरगी. तिला शाळेतून काढून घरी नेत होता.

"सायब, कुन्या शहान्यानं लिवलं आसंल वो, हितं आमाला पगार लई जास्त हाय म्हून?"

"काय माहीत," मी म्हणालो. पोरीच्या हातावर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि एसटीत चढलो.

धडा एवढाच: कोरा रकाना हीसुद्धा माहिती असते.

सखारामला मी एक वाक्य देणं लागतो: "तो शहाणा मी होतो." ते अजून दिलेलं नाही.