सवलतीच्या साली एक जागा

आज मी साताऱ्याच्या माळावरच्या ढलाईच्या कारखान्यात कायम कामगार आहे, तो आबांमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मालक येणार, सरकार येणार, यंत्र येणार, आणि त्या गर्दीत आबा कुठंतरी मागं राहून जातील अशी मला धास्ती वाटते. आबा माझे कुणी नव्हेत. ना नात्याचे, ना गावचे, ना जातीचे. कृष्णाकाठच्या गावातून रोज सायकल मारत येणारे, उसाच्या रानातले, माझ्या बापाच्या वयाचे साचेवाले. कामाला माझ्या शेजारी उभे राहायचे, एवढीच ओळख.

मी जतकडचा. मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि माझी सातवीची शाळा सुटली. दुष्काळी कामावर खडी फोडली, मग एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं साताऱ्यात येऊन पडलो. घरी आई आणि धाकटा भाऊ. त्याची शाळा माझ्या पगारावर चालायची. त्यामुळं काम जाईल की काय ही काळजी सकाळी डोळे उघडायच्या आधी जागी व्हायची. त्यात मी टेंपररी. काही महिने झाले की 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे थोडे दिवस घरी बसवून पुन्हा नवा माणूस म्हणून घ्यायचं. कायम करायला नको, यासाठी.

पहिल्या दिवशी माझी बोली ऐकून सगळे हसले. आईला मी अव्वा म्हणतो, हे कळल्यावर तर विचारूच नका.

"आरं, ह्यो कानडी मुलखातला गडी. ह्येला वाळू म्हंजे काय कळतंय का बगा आदी," मुकादम म्हणाला.

"तुला तरी कवा कळली रं?" आबा त्याला म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "ये गड्या, हितं हुबा ऱ्हा. पेटी धर."

काम असं. लोखंडाचा रस ओतायच्या आधी काळ्या ओलसर वाळूचा साचा करावा लागतो. पेटीत लाकडी नमुना ठेवायचा, वर वाळू भरायची, धुमसानं ठोकून घट्ट दाबायची आणि नमुना अलगद उचलून घ्यायचा. वाळूत जी पोकळी राहते, तिच्यात पंपाचा भाग तयार होतो. दिवसभर ठोकून खांदे भरून यायचे. रात्री हात उशाला घेता यायचा नाही.

आमच्यात निम्मे लोक उसाचे होते. लागण, भरणी, तोडणी आली की त्यांचा जीव रानात ओढ घ्यायचा. तेव्हा शेतातला पैरा त्यांनी कारखान्यात आणला होता. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या रानात. पैसा मध्ये येत नाही, अंगमेहनतीची फेड अंगमेहनतीनंच. एकाची लागण निघाली की दुसरा त्याच्या वाटणीच्या पेट्या भरायचा, आणि तो परत आला की यानं उसंत घ्यायची. मुकादमाला ठाऊक होतं. माल निघतोय म्हटल्यावर तो कानाडोळा करायचा. मला रान नव्हतं, पण आई आजारी पडली तेव्हा मी जतला जाऊन आलो, आणि तेवढे दिवस माझ्या पेट्या आबांनी भरल्या. पुढं त्यांच्या उसाच्या भरणीला मी त्यांच्या पेट्या भरल्या. त्या पैऱ्यामुळं मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथले झालो.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. एका सकाळी मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले. पुण्याचा शिकलेला माणूस, बोलणं नीट, शिवी कधी नाही. म्हणाले, "सरकारनं शहाणपण केलंय. वरच्या उत्पन्नावरचा कर उतरवला, आणि नवं यंत्र घेतलं तर त्यावरही सवलत. इतकी वर्षं कमवलेलं सरकारच नेत होतं. आता तेच मी इथं गुंतवीन. नवी शेड बांधू. कारखाना वाढला की माणसं वाढणार. तुमच्या भाऊबंदांना सांगून ठेवा."

चहाला बसलो तेव्हा त्याच्यावरच बोलणं.

"शेटच्या ताटात तूप पडलं की वाढनाऱ्याचीबी बोटं चिकाट हुत्यात," भट्टीवरचा एकजण खुशीत म्हणाला.

"व्हय की! आन् ताट चाटायला शेटच्या घरात मांजर न्हाई असं वाटलं व्हय तुला?"

"तू सदा वाकडंच बोल. पैसाच न्हाई ऱ्हायला तर मालक शेड कशानं बांधंल?"

"आबा, तुमी सांगा."

आबांनी बशीतला चहा संपवला. "मला ईचारू नगा. आमच्या आळीत दोन सालात कुनी नवा पंप घेतला न्हाई, एवढं मला म्हाईत. घेनारा न्हाई तर भरलेल्या पेट्या काय म्हातारपनाला ठिवायच्या?"

"आबा, तुमची आळी म्हंजे काय अख्खा देश हाय का?"

सगळे हसले, आबाही हसले. मी मात्र मालकांचं बोलणं धरून बसलो. माणसं वाढणार म्हणजे मी कायम होणार, हा हिशेब मी मनाशी पक्का केला. तसं घरी कळवलंसुद्धा.

शेड खरंच झाली. गवंड्यांना, माती वाहणाऱ्या बायांना महिनाभर काम मिळालं. ते खोटं म्हणता येणार नाही. मग एक दिवस ट्रकमधून यंत्र आलं. पहारी लावून, दोरखंड बांधून, 'हैशा हैशा' करत आम्हीच ते उतरवलं. एकाचं बोट चेमटलं. मुकादमानं नारळ फोडला, आम्ही यंत्राला हळदकुंकू वाहिलं, आणि पायातल्या चपला काढून मी त्याला हातसुद्धा जोडले. नवीन अवजार दारात आलं की आमच्याकडं पाया पडल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. ते काय करतं हे आम्ही विचारलंच नव्हतं.

ते वाळू दाबत होतं. दणका द्यायचं आणि पेटी तयार. दोन माणसं वाळू घालायला, एक काढायला. बाकीचे आम्ही भिंतीला उभे राहून बघत होतो.

ब्रेक सुरू झाले. या खेपेला ब्रेकवर गेलेल्यांना परत बोलावणं आलं नाही. संपाचं नाव काढायची सोय आणीबाणीच्या त्या दिवसांत नव्हती, आवाज काढणारा कुठं जाईल याची भीती होती. एकेक जण डबा घेऊन घरी गेला. तुपाच्या बोटांवाला भट्टीवरचा होता, म्हणून तो राहिला, पण पुढं तो चहाला आमच्यात बसेनासा झाला.

हातानं साचे भरणाऱ्यांत शेवटी आबा आणि मी उरलो. यंत्रात न मावणारे मोठे, वेडेवाकडे नग असायचे, त्यासाठी. मग मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. समोर बसवलं, हे मला आठवतं, कारण त्याआधी मी त्यांच्यासमोर कधी बसलो नव्हतो.

"हातकामाला एकाचंच काम आहे आता," ते म्हणाले. "आबा कायम आहेत. तुला सोडावं लागेल."

आबाच बोलले. "शेट, त्या दिवशी तुमी माणसं वाढनार म्हनला व्हता."

"म्हणालो होतो. खोटं बोललो नव्हतो मी." त्यांचा चेहरा खरंच ओढलेला होता. "मागणी येईल असं वाटलं. सवलत यंत्रावर मिळते, आबा, माणसावर मिळत नाही. सगळे घेतायत. मी नसतं घेतलं तर दुसऱ्याचा माल स्वस्त पडला असता आणि तुम्ही सगळेच गेला असता."

"मग असं करा, आमी दोघं पैऱ्यानं करतो. पंधरा दिस मी, पंधरा दिस ह्यो. पगार अर्दा अर्दा."

"एका जागेवर दोन नावं कशी लावू? तसं नाही करता येत."

आबा खुर्ची मागं सारून उभे राहिले. मग म्हणाले, "मंग माजं काडा. ह्येला कायम करा. मला रान हाय, ह्येला काय हाय?"

मालकांनी फार वेळ घेतला नाही. तरणा माणूस, सुरुवातीचा पगार. त्यांचं नुकसान काहीच नव्हतं. मी मात्र खुर्चीवरून उठलोच नाही. नको म्हणायला हवं होतं, पण धाकट्याची फी डोळ्यांसमोर आली आणि शब्द फुटला नाही. बाहेर आल्यावर मी रडायला लागलो तर आबा वैतागले. "आरं, रडतुयास काय बाईवानी? पैरा हाय ह्यो. फेडशील कवातरी."

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. सोबत बेदाण्यांची पुडी होती, दुसरं काय न्यावं कळलं नाही. दारात त्यांची बायको चूल सारवत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं हात थांबवला.

"तूच व्हय रं त्यो? आमचा मानूस घरी बशिवलास आन् आता बेदाणे खायला घालतुयास?"

"आगं, गप की," आतून आबा.

"का गप? रान हाय म्हनून सांगून आले. चार भावांत एक तुकडा, त्येच्यात एकाला ऊस आन् तिघांना पाचट! पगार व्हता तवा घरात बोलाय तोंड व्हतं ह्येंना."

मला उठून पळावंसं वाटलं. आबांनी मला आत घेतलं, भाकरी वाढायला लावली. तिनंच वाढली, वर दही घातलं, आणि जाताना म्हणाली, "जेवत जा रं नीट, वाळलायस लय."

तेव्हापासून मी यंत्राशेजारी एकटा हातानं मोठे नग भरतो. सरकारनं सोडलेल्या करातून कुणाला काम मिळालं असेल का, हा विचार ठोकता ठोकता येतो. यंत्र जिथं बनलं त्या शहरात कुणी लागला असेल. गवंड्यांना महिनाभर मिळालं. आमच्यातले गेले ते परत आले नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. याच्यापुढचं ज्यांना कळतं त्यांनी सांगावं. मला दमल्यावर फार विचार होत नाही.

धाकटा आता मॅट्रिकला बसेल. तो हाताशी आला की मी रजा काढणार आहे, बिनपगारी मिळाली तरी. आबांची पाठ आता वाकत नाही, म्हणून लागणीला, भरणीला, तोडणीला वाकायची सगळी कामं मी करीन. भावांपुढं, बायकोपुढं त्यांना पुन्हा बोलायला तोंड राहील. आबा, हे अजून झालेलं नाही. पण पैरा मी बुडवणार नाही.