वही मुलाची आहे

मी, सुधाकर रामचंद्र ढमाले, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मुळशी तालुक्यातील आमच्या माध्यमिक विद्यालयात मुख्य लिपिक आहे. आमच्या निवृत्त मराठी शिक्षिका श्रीमती विमल पडळघरे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात, त्यांच्याविषयी मला प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेच लिहावे, हा माझा हेतू.

बाई रुजू होण्यासाठी कार्यालयात आल्या, तेव्हा मी एका वर्गाची यादी दारावर चिकटवत होतो. नाव, तुकडी, जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय. सारे रकाने सुवाच्य. बाईंनी ती शांतपणे वाचली.

"भाऊसाहेब, आपला वर्ग शोधायला मुलाला यातलं काय लागतं?"

"नाव आणि तुकडी."

"मग कात्री द्या."

उरलेले रकाने त्यांनी स्वतः कापून माझ्या हाती ठेवले. मला राग आला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पुढे माझी पत्नी दीर्घकाळ आजारी होती. बाई रोज चौकशी करीत, पण शिक्षकांच्या खोलीत एकदाही नाही. जिन्यात, मी एकटा असताना. तेव्हा त्या कात्रीचा अर्थ मला उमगला.

कालांतराने प्रत्येक वर्गाचा मोबाईलवर पालकगट झाला, आणि अशा या बाईंच्याच हातून चूक घडली. ती वगळू नये, असे त्यांनी मला बजावले आहे.

आठवीतील आर्याने 'माझे बाबा' हा निबंध लिहिला. हे कुटुंब विदर्भातून येऊन रिहे खोऱ्यात भाड्याने राहत होते. हिंजवडीतील बाबांची नोकरी सुटली होती. तरी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते रोज सकाळी डबा घेऊन निघतात आणि दिवसभर धरणाच्या बाजूला बसून परततात, असे तिने लिहिले होते. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्या पानांचा फोटो काढून 'प्रत्येक पालकाने वाचावे' या शब्दांसह गटावर पाठवला. त्या गटात आर्याच्या घरमालकीणबाईही होत्या, कारण त्यांचा नातू त्याच वर्गात होता.

दुसऱ्या दिवशी आर्या आली नाही. बाईंनी फोटो काढून टाकला, पण तोवर तो गावभर फिरला होता. मी म्हणालो, "बाई, तुम्ही कौतुकच केलंत की."

"तिनं ते मला लिहिलं होतं, भाऊसाहेब. गावाला नव्हे."

त्याच दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. आर्या आतल्या खोलीतून बाहेर येईना. वडील म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनानं टाकलं, बाई. पण उद्या सकाळी डबा घेऊन मी कुठं जाऊ?"

उत्तर दिले दारात उभ्या असलेल्या घरमालकीणबाईंनी.

"कुटं जाऊ म्हंजी? पडवीत बसा की! आमचं म्हातारं बी एकटंच जेवतंय. लई बडबड करील, तेवढं सोसा."

वडील कितीतरी दिवसांनी हसले असावेत. आर्याचे दार मात्र उघडले नाही. बाई तिच्या दाराशी जमिनीवर बसल्या. "आर्या, मी तुला विचारलं नाही. चुकले मी. गटावर माफी मागू का?"

आतून आवाज आला, "नको. परत सगळे वाचतील."

बाईंनी ते ऐकले. गटावर एक अक्षरही लिहिले नाही. शिक्षकांच्या सभेत मात्र मुलीचे नाव न घेता स्वतःची चूक सांगितली, आणि मुलाचे लेखन, गुण वा फोटो त्याला व पालकांना विचारल्याखेरीज कुठेही पाठवायचा नाही, असा नियम मांडला.

एक ज्येष्ठ सर म्हणाले, "आता फळासुद्धा पोरांना विचारून पुसायचा का?"

"फळा शाळेचा आहे, सर, खुशाल पुसा. वही मुलाची आहे."

आठवड्याने आर्या शाळेत आली, पण तिचे निबंध चार ओळींचे झाले. पाऊस, झाड, गाय. घराचा उल्लेख नाही. तिचे लेखन कायमचे मिटले, या विचाराने बाई खचत चालल्या होत्या. तरी त्यांनी 'अजून लिही' असा शेरा कधी मारला नाही. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आर्याने एक वही आणून दिली. वेष्टनावर लिहिले होते, 'फक्त बाईंसाठी'. बाईंनी ती माझ्यासमोरच, पण माझ्याकडे पाठ फिरवून वाचली आणि मिटून तिला परत केली. आत काय होते ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

आर्या आता लवळ्याला महाविद्यालयात शिकते. येथे तिचे नाव बदलले आहे. हा लेख तिला व तिच्या वडिलांना आधी वाचायला दिला. वडिलांनी होकार दिला. आर्याने दोन वाक्ये खोडली. ती येथे नाहीत.

बाईंची प्रकृती उत्तम राहो, त्यांची नजर शंभरीपर्यंत स्वच्छ राहो, आणि मुलांनी आपण होऊन आणून दिलेले वाचायला त्यांना उदंड सवड मिळो.

सुधाकर रामचंद्र ढमाले
मुळशी, जि. पुणे
१२ डिसेंबर २०२५