सगळ्यांना येणारं गाणं

या सोसायटीत येऊन वर्ष होत आलं, तरी माझी कुणाशी फारशी ओळख झाली नव्हती. संध्याकाळी गच्चीवर एकटीच बसून मी इयरफोनवर गाणी ऐकायचे. तीही अशी, की गाणाऱ्याचं नाव सांगितलं तर समोरच्याने विचारावं, "हे कोण?" त्याचा मला थोडा अभिमानही होता.

परवा गच्चीवर बायका पापड लाटत होत्या. शेजारच्या वहिनींनी बोलावलं, म्हणून मीही बसले. कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. सध्या रिक्षापासून वरातीपर्यंत सगळीकडे वाजतं, तेच. बायका ध्रुवपद गायल्या आणि अंतऱ्याला अडल्या. तो अंतरा मी म्हटला, सगळाच्या सगळा.

"तुम्हाला हे येतं?" वहिनींनी विचारलं.

"आवडतं मला," मी म्हणाले. हे मी स्वतःलाही पहिल्यांदाच सांगत होते.

अनवट गाणी मी शोधून आणते, जपते. आजही तीच मला जवळची आहेत. पण त्यांच्यासोबत मी एकटीच असते. या गाण्यात आधीपासून सगळ्याजणी बसलेल्या होत्या, आणि माझ्यापुरती जागाही होती.

वहिनींनी पुढची लाटी माझ्या पोळपाटावर ठेवली. "परत लावा गं ते," त्या म्हणाल्या, "यांच्याकडून नीट शिकून घेऊ."