शेवटच्या घराचं नाव

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. वर्ध्यात नेत्रशिबिरं भरवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी कामाला होतो, आणि अख्ख्या जिल्ह्यात कॉम्प्युटरची सी भाषा आपल्यालाच येते अशा तोऱ्यात वावरायचो. जवळच्या आंजी गावातल्या मोतीबिंदूच्या पेशंटांची यादी छापायची होती. आडवी ओळ म्हणजे घर, ओळीतला एकेक खण म्हणजे त्या घरातला पेशंट. घरं किती निघतील ठाऊक नव्हतं, म्हणून प्रोग्रॅम चालू असतानाच मेमरी मागत खण तयार करायचे, असा माझा बेत.

नावं टाइप करायला आंजीचीच एक मुलगी एसटीने यायची. गावाचं रजिस्टर पाटलाच्या घरापासून सुरू होऊन बौद्धपुऱ्यात संपायचं; रीतच तशी. शेवटचं घर तिचं, शेवटचं नाव तिच्या आईचं.

यादी छापली, तर प्रत्येक खणात तिच्या आईचंच नाव!

तिने टाइप केलेली फाइल मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "काय हो, आंजीत मोतीबिंदू फक्त तुमच्याच मायले झाला काय?"

"नाई सर, मी तं सगळ्यायचे नावं टाकले."

"मशीन खोटं बोलत नाई."

ती मशीनवर बसली. उठून म्हणाली, "मायचं नाव काढून टाकलं. आता पाहा."

पुन्हा छापलं. आता प्रत्येक खणात तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव.

मी माझा प्रोग्रॅम उघडून पाहिला. प्रत्येक नावासाठी मेमरीत वेगळी जागा मागून तिथे ते उतरवायचं असतं. मी ते केलंच नव्हतं. नाव वाचून घ्यायची जागा एकच होती, आणि सगळ्या खणांत मी त्या एकाच जागेचा पत्ता भरला होता. पाटी एकच, दर वेळी पुसून लिहिलेली, आणि खणाखणात नुसतं 'पाटी पाहा'. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"मशीनमध्ये थोडा घोळ होता," एवढंच पुटपुटलो. दोन ओळी दुरुस्त केल्या. यादी बरोबर आली, शेवटचं घर सोडून. तिच्या आईचं नाव परत टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण मग चूक कोणाची होती तेही सांगावं लागलं असतं. मला तेवढी लाज झेपली नाही.

शिबिराच्या दिवशी ती शेजारच्या म्हाताऱ्याचा हात धरून आली. नर्सबाईंनी विचारलं, "मायले नाई आणलं?"

"तिचं नाव नाई यादीत," ती म्हणाली.

यादी माझ्याच हातात होती.