बुडबुडा मधोमध थांबेना

गेल्या शनिवारी सकाळी दिवेआगरला पोचलो आणि तासाभरात माझं डावं-उजवंच हरवलं. खरं सांगते, अजूनही थोडं हरवलेलंच आहे...

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती दीड वर्ष घराबाहेर पडली नव्हती. समुद्र तर तिला हवाच होता, पण परक्या घरात बाथरूम किती लांब असेल याची धास्ती. म्हणून आम्ही गाडीमागे ओढायचा एक ट्रेलर भाड्याने घेतला. बटण दाबलं की त्याची एक भिंत ड्रॉवरसारखी बाहेर सरकते आणि आत आईच्या पलंगाला जागा होते.

अट एकच. ट्रेलर आधी सपाट उभा हवा, नाहीतर भिंत अडकते. दाराशी छोटीशी लेव्हल बसवलीय, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की झालं. सोप्पं म्हणे!

नारळ-सुपारीच्या त्या वाडीत ट्रेलर मावेल एवढी एकच जागा होती. नवऱ्याने उजव्या चाकाखाली फळी घातली, बुडबुडा मधोमध. चहा पिऊन येतो तर बुडबुडा डावीकडे! पुन्हा फळी, पुन्हा मधोमध... पुन्हा डावीकडे.

मी म्हणत होते उजवीकडे उतार आहे, नवरा म्हणे लेव्हलच बिघडलीय. फोनमधलं ॲप तिसरंच काहीतरी सांगत होतं. शेवटी त्याने वैतागून कोपऱ्यातल्या जॅकनेच ती बाजू उचलली आणि बटण दाबलं.

भिंत वीतभर बाहेर आली, करकरली आणि थांबली. ना आत, ना बाहेर. जॅक ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलायला नाही, हे ट्रेलरवाल्याने तेव्हा फोनवर ओरडून सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

आई आंब्याखाली खुर्चीत बसून सगळं बघत होती. "चला परत. वास आला ना समुद्राचा, पुरे मला," म्हणाली. मला रडूच आलं.

तेवढ्यात वाडीवाले काका आले. बुडबुड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चाकाशी उकिडवे बसले आणि मातीत बोट खुपसलं.

"ताई, तुमचं चाक पाटाच्या कडेला हाय. झाडांना पानी सोडलंय, ही रेती भिजतेय. कितीबी फळ्या घाला, चाक खालीच जानार."

म्हणजे ज्या पाण्याच्या झुळझुळीचं आम्ही सकाळपासून कौतुक करत होतो, तेच आम्हाला बुडवत होतं. धन्य आमची!

काकांनी जाऊन पंप बंद केला. दोन तास माती सुकू दिली, रुंद फळ्या आणल्या, जॅक सैल करायला लावले. बुडबुडा मधोमध आला आणि तिथेच राहिला. भिंत सर्रकन बाहेर सरकली, आणि दुपारी आई पलंगावर आडवी होऊन समुद्राची गाज ऐकत होती.

दुसऱ्या दिवशीही पंपाचा आवाज नाही. काकांच्या घरच्या काकूंना सहज विचारलं, आज पाणी नाही का सोडणार?

"विहीर चार भावांत हाय ना. काल आमची पाळी होती, आता तीन दिवसांनी." माझा चेहरा बघून त्याच हसल्या. "झाडं घरचीच हायेत, ताई. पाहुन्यांसाठी थांबतील."

म्हणजे माझी आई समुद्राच्या आवाजात गाढ झोपली, तेव्हा बाहेरची अख्खी वाडी तिच्यासाठी तहानलेली उभी होती.