शेळीचं पान

आमच्या खटकचिंचोळीतल्या गिरणीवाल्या अण्णाला वाचता येत नाही, आणि हे लेकीला कळू नये म्हणून त्याचा जीव खालीवर होतो. मी दळणाला गेले की तिच्या चित्रपुस्तकातली गाणी तो माझ्याकडून ऐकून पाठ करतो. "अक्का, बेडकामागं कोन यायलंय?" विचारताना नजर दाराकडं, पिठाळ बोटं पानं मोजत.

काल माझ्यासमोरच लेकीला मांडीवर घेऊन त्यानं सुरू केलं, "शेळी चढली माळावर, टोपी तिच्या भाळावर." पण दोन पानं एकदम उलटली होती. समोर उंट होता.

लेकीनं उंटाखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, गुपचूप एक पान मागं घेतलं आणि बापाला म्हणाली, "अप्पा, आता म्हना."