॥ श्री ॥ नावाचं फोल्डर

पुण्याच्या कंपनीत माझ्या आडनावाचं स्पेलिंग ईमेलमध्ये चुकलेलं होतं. दुरुस्त करा म्हणून मी भांडले, तर साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये एकदा गेलं की गेलं." तो राग अजून उतरलेला नाही. नोकरी सोडून कोल्हापूरला परतले, कसबा बावड्यात घरातच एक टेबल मांडलं, दुकानदाराला घाम फोडून लॅपटॉप घेतला.

तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पडद्यावर नाव विचारलं. आई हळदीकुंकू घेऊन शेजारी उभी होती.

"पयलं श्री लिव. कोऱ्या वस्तूवर दुसरं काय लिवायचं नसतंय."

मी दोन्ही बाजूंना दोन दोन उभे दंड देऊन श्री लिहिलं आणि पुढं माझं पूर्ण नाव, मराठीत, आडनावासकट. बरोबर लिहिलेलं. किती वेळ तरी बघत बसले होते.

पहिलं काम आजऱ्याच्या एका काजूवाल्याचं आलं. मालाची बिलं फोनवर करणारं अॅप हवं होतं. तो फोनवर म्हणाला, "संध्याकाळी बघायला येतो. चाललं तर तुमचं, न्हायतर पुण्याला देतो." आणि नाव घेतलं त्याच कंपनीचं.

कोड लिहून झाला होता. त्याचं अॅप बनवायचं म्हणजे बिल्ड करायचा. बिल्ड फुटला. परत केला, परत फुटला. फाइल सापडत नाही, एवढंच लाल अक्षरात. मी लॅपटॉपला, दुकानदाराला आणि त्या साहेबांना एका दमात शिव्या दिल्या. आईनं चहा ठेवला आणि गेली.

कारखान्याचा हंगाम चालू होता. दुपारी उसाच्या रसाचा गोड, जड वास खिडकीतून आत येतो आणि डोळे आपोआप मिटायला लागतात. लाल ओळी हलक्या होऊन तरंगत होत्या. त्यांच्यात प्रश्नचिन्हांची एक रांग होती, माना वाकवून उभी, पावसात भिजलेल्या बगळ्यांसारखी. मी नुसती बघत राहिले. बगळे दर ओळीत एकाच जागी उतरत होते. सी ड्राइव्ह, युजर्स, मग बगळे.

तिथं माझं नाव होतं, पहिल्या दिवशी श्रीसकट लिहिलेलं; लॅपटॉपनं त्याच नावाचं फोल्डर केलं होतं.

बिल्ड करणाऱ्या अवजाराला श्री वाचता येत नव्हतं, माझं मराठी नावही नाही. माझ्या नावाच्या फोल्डरची वाट त्याला सापडत नव्हती. खातं उघडून नाव बदललं, पण फोल्डर जुन्याच नावाचं राहिलं. सिस्टीममध्ये एकदा गेलं की गेलं. शेवटी नाव परत होतं तसं केलं आणि दात आवळून दुसरं खातं उघडलं. नाव दिलं इंग्रजी 'ए'. तिथं कोड नेला. बिल्ड झाला.

काजूवाला आला. बिल काढून बघितलं, फोन लांब धरून, जवळ धरून.

"चालतंय की. पण वर श्री न्हाय व्हय?"

बिलाच्या माथ्यावर दंड देऊन श्री टाकलं, बिल्ड केला आणि फोनवर बगळे उतरायची वाट बघत बसले. श्री आलं, आहे तसं. फोल्डरच्या नावात चालत नव्हतं, बिलाच्या मजकुरात चालत होतं.

"आता झ्याक. पण ताई, श्रीचं येगळं पैसं लावू नगा."

"श्रीचं न्हाय लावत, पावणं. बाकीच्यात मात्र एक रुपाया सुटणार न्हाय."

तो हसला. काम मला मिळालं.

लॅपटॉप उघडला की अजून दोन खाती दिसतात. काम 'ए'मध्ये करते. हंगामात दुपारी वास आत आला की कधी कधी श्रीचं उघडते. तिथं काहीच करायचं नसतं. आई जाता जाता पदरानं पडदा पुसते, श्री दिसतं तेवढाच भाग.